‘नागपूरला अपील’
शेगाव बुलढाणा जिल्ह्यातले. त्यामुळे तिथल्या खटल्यात पत्नीच्या खुनाबद्दल सत्र न्यायालयाने दिलेल्या जन्मठेपेवरचे अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे चालते. मुदत ६० दिवस. तिथे साऱ्या पुराव्याची पुन्हा छाननी होते. बंद घरातल्या मृत्यूला बहुधा साक्षीदार नसतो, म्हणून पुरावा कायद्याचे कलम १०६ (नव्या कायद्यात १०९) पतीकडे खुलासा मागते. मात्र त्याआधी सरकार पक्षाने आपली बाजू शाबीत केलेली असावी लागते, आणि हेच अनेकजण हमखास विसरतात. पत्नीच्या खुनाबद्दलच्याच, पुण्याच्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यात सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयानेही कायम केली होती. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या मांडून आरोपीला निर्दोष सोडले.