भोकातलं पॅलेडियम

परवा माळा आवरताना कॉलेजात असताना घरीच केलेला सर्किट बोर्ड सापडला. फेरिक क्लोराईडचे डाग मोरीत पाडल्याबद्दल आईची बोलणी खाल्ली होती, तोच! नको तिथलं तांबं काढणं सोपं होतं, हवं तिथे चढवणं अवघड. वरची आणि खालची बाजू जोडायला मी भोकाभोकात तार घालून सोल्डर केली होती. नेमका परीक्षकांसमोर एक जोड सुटला.

कारखान्यात हे कसं करतात ते पुढे वाचलं. भोकाची भिंत काच-इपॉक्सीची, वीज न वाहणारी. तिच्यावर आधी पॅलेडियमचे सूक्ष्म कण बसवतात. त्यांच्या आधाराने विजेशिवाय तांब्याचा पातळ थर धरतो, मग तो विजेने जाड करतात. पूर्वी यासाठी स्टॅनस क्लोराईड आणि पॅलेडियम क्लोराईड अशी दोन द्रावणं लागत. चार्ल्स शिप्ली यांच्या १९६१च्या पेटंटमधल्या एकाच द्रावणात कथिल आणि पॅलेडियम एकत्र आले.

गंमत म्हणजे, वुलस्टन यांनी १८०२मध्ये शोधलेला हा धातू १८०३मध्ये लंडनच्या एका दुकानात निनावीच विकायला ठेवला होता. शेनेविक्स या रसायनज्ञाने तो प्लॅटिनम आणि पाऱ्याचा मिश्रधातू ठरवला! १८०५मध्ये वुलस्टन यांनी आपलं नाव उघड केलं.

घरी बोर्ड करणाऱ्याला या द्रावणाची किंमत आजही टोचते. मार्च २०२२मध्ये पॅलेडियम औंसाला ३,००० डॉलरच्या वर गेलं होतं. म्हणून अनेकजण अजून तारच घालतात.

असो. त्या सुटलेल्या जोडाला काल पुन्हा सोल्डर लावलं. दिवा लागला!