‘रंगारी’: एका शब्दाचे स्थलांतर

मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातील ‘रंगारी’ हा कापड रंगविणारा असून ते एका जातीचेही नाव आहे. पुण्याच्या भाऊ रंगारी यांचे नाव वस्त्रे रंगविण्याच्या व्यवसायावरूनच रूढ झाले. घराच्या भिंती सारविणे वा त्यांस चुना देणे हे मात्र सणापूर्वीचे घरकाम होते; त्यासाठी निराळ्या कारागिराची व नावाची गरज सहसा भासत नसे.

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या योजनेतून दादर-माटुंग्याची आखीव वस्ती वाढली. तेथील बहुमजली इमारतींस परांची लागे, दारे-खिडक्यांस तेलरंग लागे. हे काम घरच्या माणसांच्या आवाक्याबाहेरचे होते. जुने नाव या नव्या कारागिरास मिळाले, परंतु संबंध बदलला. जातीऐवजी करार आला: काम रोजाने द्यावयाचे की उक्ते? उक्त्या कामात लांबी नीट भरली की नाही, रंगाचे हात दोन दिले की तीन, हे शेवटच्या हाताखाली झाकले जाते. म्हणून अनोळखी वस्तीत शेजाऱ्याची शिफारस हीच खात्री ठरते.

यावरून अभ्यासकाने एक बोध घ्यावा. जुन्या कागदातील ‘रंगारी’ भिंतीपाशी उभा करू नये आणि उपनगरातील हिशेबवहीत तोच शब्द आढळल्यास त्यावरून त्या कारागिराची जात ठरवू नये. शब्द तोच राहतो. त्यामागचा माणूस बदललेला असतो.