नॅरोगेज फॉन्ट

पीजे म्हटलं की पुण्यातल्या ऑफिसात लोकांना पांचट जोक आठवतो. आम्हा जामनेरवाल्यांना आठवते ती पाचोरा-जामनेर गाडी. ५६ किलोमीटर अंतर, मध्ये शेंदुर्णी, पहूर अशी स्टेशनं, आणि वेग असा की सायकलवाल्यालाही आशा वाटावी. :)

आजचा विषय खरं तर मराठी फॉन्ट हा आहे. "एवढा युनिकोड असताना सरकारी पीडीएफमधला मजकूर कॉपी केला की कचरा का येतो?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतं. त्याचं उत्तर द्यायला पीजेइतकं सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही. तेव्हा आधी थोडी रेल्वे.

पीजेच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. पाचोऱ्याला ती ज्या मुंबई-भुसावळ लाइनला भेटते, तिथलं अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. म्हणजे जामनेरहून निघालेली कापसाची गाठ पाचोऱ्यापर्यंत मजेत यायची आणि तिथे अडायची. डबा पुढे जाऊच शकत नाही. गाठ उतरवा, फलाट ओलांडा, दुसऱ्या डब्यात चढवा. आमच्या भाषेत सांगायचं तर पाचोरा हा गेटवे, आणि प्रोटोकॉल कन्व्हर्जन चालायचं हमालांच्या पाठीवर.

मग प्रश्न येतो, हे बांधणाऱ्यांना कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. इंग्लंडात ब्रुनेलचे सात फुटी रूळ आणि स्टीफन्सनचे चार फूट साडेआठ इंची रूळ यांचं भांडण झालं, ग्लॉस्टर स्टेशनात माल इकडून तिकडे टाकताना गोंधळ उडाला, आणि शेवटी १८४६ मध्ये पार्लमेंटला गेजचा कायदा करावा लागला. हे ताजं असल्यामुळेच डलहौसीनं हिंदुस्थानात एकच गेज ठेवायचा आग्रह धरला. आग्रह टिकला वीसेक वर्षं. १८७० च्या सुमारास मेयोच्या काळात तिजोरीकडे बघून मीटरगेज आलं, आणि फाट्यांवरच्या लाइनींसाठी त्याहूनही अरुंद रूळ. अरुंद रूळ म्हणजे हलके रूळ, छोटे पूल, तीव्र वळणं चालतात, कमी जमीन लागते. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीनं १९१८-१९ च्या सुमारास पीजे सुरू केली ती याच हिशोबात.

इथे शहाणपणा शिकवायचा मोह होतो. "बघा, स्टँडर्ड पाळलं नाही की काय होतं!" पण जामनेरातून बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. पीजे २०२० मध्ये लॉकडाउनला थांबली ती पुन्हा धावली नाही. तिचं ब्रॉडगेज करायच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली ती त्यानंतर. म्हणजे ब्रॉडगेजची वाट बघत बसलो असतो, तर शंभर वर्षं रेल्वेच नसती. आमच्या आज्या-पणज्या त्या अडीच फुटांवरूनच पंढरपूरच्या आणि मुंबईच्या गाड्या पकडायला पाचोऱ्याला गेल्या.

आता हेच डोक्यात ठेवून १९९० च्या दशकात या.

कॉम्प्युटरला अक्षर म्हणजे एक नंबर. तेव्हाच्या फॉन्टमध्ये एका अक्षरासाठी एक बाइट, म्हणजे जास्तीत जास्त २५६ जागा. त्यात देवनागरी बसवायची. भारतानं त्यासाठी स्टँडर्ड केलंच नव्हतं असं नाही. इस्की नावाचं स्टँडर्ड १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून निघालं, आणि ते खरोखर हुशारीनं केलेलं होतं. त्यात 'क', 'हलन्त', 'ष' असे वर्ण साठवायचे, त्यांचा 'क्ष' कसा काढायचा ते दाखवणारं सॉफ्टवेअर बघेल. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सीडॅकमध्ये वाढलेलं जिस्टचं काम याच पायावर उभं होतं. पण विंडोजला इस्की कळत नव्हतं, पेजमेकरला तर नाहीच नाही.

छापखान्यांना मात्र पत्रिका परवा हवी होती. मग पॅकेज बनवणाऱ्यांनी सरळ जुगाड केला. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. इथे अर्धा ग, तिथे कान्याची उभी रेघ, पलीकडे वेलांटी, रफार. कॉम्प्युटर बिचारा समजतो की आपण इंग्रजीच छापतोय, आणि कागदावर येतं "श्री गजानन प्रसन्न". पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बेंगळुरूहून आलेली आकृती, सीडॅकचं आयएसएम. प्रत्येकाची तुकड्यांची मांडणी निराळी. एकात लिहिलेलं दुसऱ्यात उघडलं की डॉलर, टक्के आणि डोक्यावर टोपी घातलेले 'ए'. वर्तमानपत्रांच्या साइटी आल्या तेव्हा बातमी वाचायच्या आधी त्यांचा त्यांचा फॉन्ट उतरवून घ्या, हा उद्योग तुमच्यातल्या थोड्या वयस्कर मंडळींना आठवत असेल.

याला मी नॅरोगेज म्हणतो. आणि पीजेसारखंच याचंही ऋण मान्य करायला हवं. तालुक्याच्या गावात लग्नपत्रिका, साप्ताहिकं, निवडणुकीची पत्रकं, दिवाळी अंक कॉम्प्युटरवर निघाले ते यामुळेच. लिनक्सच्या मेळाव्यांत काही मित्र या फॉन्टांचं नाव काढलं की नाक मुरडतात. त्यांनी तेव्हा काय केलं असतं, खिळे जुळवले असते?

पण एक फरक आहे, आणि माझ्या मते सगळा मुद्दा तिथेच आहे. पीजेचं गेज काय, हे कोणीही टेप घेऊन रुळावर बसला की मोजू शकत होता. ७६२ मिलिमीटर हे गुपित नव्हतं. फॉन्टांच्या बाबतीत कुठल्या नंबरावर कुठला तुकडा, हा तक्ता जाहीर करायची पद्धतच नव्हती. वर पॅकेजबरोबर हार्डवेअर लॉक. वेगळं गेज ठेवणं ही गरिबी असू शकते. मोजपट्टी झाकून ठेवणं हा धंदा असतो. गिऱ्हाइकाचा मजकूर गिऱ्हाइकाचा राहतच नाही, तो पॅकेजचा होतो.

फुकट फॉन्टही होते म्हणा. शिवाजी, किरण, सुशा. लोकांनी आवडीनं वापरले. पण फुकट आणि खुलं यात गल्लत नको, कारण यांचीही मांडणी आपापली. फुकटचं तिकीट, पण रूळ पुन्हा वेगळेच.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ चीच, आणि तिच्यातला देवनागरीचा भाग इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतलेला. म्हणजे मूळ विचार आपल्याकडचाच होता. लोकांच्या टेबलावर तो पोचायला विंडोज २००० उजाडावं लागलं. त्यातला मंगल फॉन्ट र. कृ. जोशींच्या हातचा, म्हणजे आपले सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशीच. एक्सपीत तर सेटिंगमध्ये खूण करून सीडी घालावी लागायची, आणि ती सीडी कधीच सापडायची नाही.

खुल्या बाजूला काय चाललं होतं ते फारसं कोणाला माहीत नसतं. मुंबईच्या एनसीएसटीतून जोशींचाच रघू फॉन्ट जीपीएल लायसन्सखाली निघाला. इंडलिनक्ससारखे गट मेनूतला एकेक शब्द भाषांतरित करत होते, बहुतेक जण नोकरी सांभाळून. आणि २००४ मध्ये रेड हॅटनं लोहित हे फॉन्ट खुले केले. लोहित म्हणजे तांबडा, टोपीचा रंग! यातली गंमत अशी की ते बनवून देणारी कंपनी कोण, तर मॉड्युलर इन्फोटेक. श्रीलिपीवालीच. कारागीर तेच, ब्रॉडगेजसाठी पैसे देणारा कोणी भेटल्यावर त्यांनी ब्रॉडगेजही बांधलं. २०११ मध्ये लोहितचं लायसन्स बदलून ओपन फॉन्ट लायसन्स झालं, त्यामुळे तो कुठेही बिनधास्त जोडता येऊ लागला. आज तुमच्या अँड्रॉइड फोनवर 'ज्ञानेश्वर' नीट जुळवून दाखवतं ते हार्फबझ नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. नाव फारसी आहे, हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुलं.

नेटवर्कवाल्यांना इथे फ्लॅग डे आठवेल. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेटनं जुना प्रोटोकॉल सोडून टीसीपी/आयपी घेतला. १८८६ च्या मे अखेरीला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रेल्वेंनी दोन दिवसांत हजारो मैलांचे रूळ सरकवले. मराठीला असा दिवस मिळाला नाही. पंचवीस वर्षं दोन्ही गेज शेजारी शेजारी चालू आहेत, आणि पाचोऱ्याचे हमाल म्हणजे ऑफिसातला तो क्लार्क, जो छापील प्रत समोर ठेवून तोच मजकूर पुन्हा टाइप करतो.

गेल्या दिवाळीत गावातल्या एका डीटीपीवाल्या काकांनी सीडींची थप्पी माझ्या हातात ठेवली. "भाऊ, तू कॉम्प्युटरवाला ना, एवढं उघडून दे." शाळेची स्मरणिका, सप्ताहाच्या पत्रिका, दोन स्थानिक कवींची पुस्तकं. कवींपैकी एक आता नाहीत, आणि छापील प्रत घरच्यांकडेही उरलेली नाही. हार्डवेअर लॉक प्रिंटर पोर्टचा, तसं पोर्ट आज लॅपटॉपला नसतं. मग पायथनमध्ये तक्ते बनवत बसलो.

हे काम वाटतं तितकं सरळ नाही. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, जशी दिसते तशी. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर. रफार उलटा: 'सर्व'मधला र जुन्या फाइलीत 'व'च्या नंतर सापडतो, तो उचलून अख्ख्या जोडाक्षराच्या आधी न्यावा लागतो. काही फॉन्टांत जागा वाचवायला 'ग' पूर्ण नाहीच, अर्धा ग अधिक उभी रेघ. आणि तीच रेघ कान्यालाही. म्हणजे एक रेघ असेल तर 'ग', दोन असतील तर 'गा', आणि टाइप करणाऱ्यानं घाईत तीन मारल्या असतील तर तुमचं नशीब.

युनिकोडमध्ये आलं म्हणजे सुटलो असंही नाही बरं का. 'वाऱ्या'तला तो चंद्रकोरीसारखा र दोन पद्धतींनी साठवता येतो, दोन्ही ग्राह्य, दिसायला सारख्या. पण एका पद्धतीनं शोधलं तर दुसरी सापडेलच असं नाही. 'ॲप'मधल्या ॲला स्वतःचा नंबर मिळाला तो २००८ मध्ये, त्याआधी आणि नंतरही लोक अ वर चंद्र ठेवून भागवतात. माझ्या स्क्रिप्टमध्ये शेवटची पायरी म्हणून हे सगळं एकसारखं करून घेतलंय.

जाता जाता पीजेची एक गोष्ट राहिली. नवी लाइन जामनेरला थांबणार नाही, पुढे बोदवडला भुसावळ-नागपूर मार्गाला जोडायची योजना आहे. शंभर वर्षं एकाच वायरवर लटकलेल्या नोडला दुसरी अपलिंक! नुसतं रुंदीकरण झालं असतं तर मला इतका आनंद झाला नसता.

असो. काकांच्या सीडींत तीन फॉन्ट निघाले. दोन पूर्ण झाले, स्मरणिका आणि एका कवीचं पुस्तक वाचता येतंय. जे कवी गेले त्यांचं पुस्तक तिसऱ्यात आहे, आणि त्याचा तक्ता अर्धाच जमलाय, कारण फॉन्टची फाइलच सीडीवर नाही. मजकुरावरून अंदाज बांधत चाललोय. कोणाकडे नव्वदीतल्या मराठी पॅकेजेसचे छापील की-बोर्ड तक्ते असतील, डीटीपीच्या दुकानात मॉनिटरशेजारी चिकटवलेले असायचे ते, तर कृपया फोटो काढून पाठवा. कुठल्याही पॅकेजचा चालेल. चहाचे डाग पडलेला असला तरी चालेल.