ज्येष्ठांचा आरोग्य विमा: कोणती मुदत कधी सुरू होते, कधी संपते?

"बाबांचा विमा तर काढला आहे, मग मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे पैसे का मिळत नाहीत?" रुग्णालयाच्या काउंटरवर अनेक कुटुंबांना हा प्रश्न पडतो. उत्तर बहुतेक वेळा पॉलिसीच्या तारखांमध्ये असते.

आपल्याकडे आरोग्य विमा वर्षभरात कधीही काढता येतो. नव्या पॉलिसीसाठी असलेली 65 वर्षांची वयोमर्यादाही 1 एप्रिल 2024 पासून नियमांतून काढली गेली. पण पैसे भरले म्हणजे लगेच सगळ्या आजारांना संरक्षण मिळते, असे नाही.

प्रतीक्षा कालावधी

- पहिले 30 दिवस: अपघात सोडून इतर उपचारांचा खर्च साधारणपणे मिळत नाही.
- ठरावीक आजार: मोतीबिंदू, हर्निया, प्रोस्टेट, गुडघ्याचे सांधेरोपण यांसाठी बहुधा 2 वर्षे थांबावे लागते. ही मुदत जास्तीत जास्त 36 महिने असू शकते.
- आधीपासूनचे आजार: मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांसाठीही कमाल मुदत 36 महिनेच आहे. पूर्वी ती 48 महिने होती.

समजा, कळमना मार्केटमध्ये अडतीचा व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थांना मधुमेह आहे. त्यांनी 62 व्या वर्षी पॉलिसी घेतली, तर 65 व्या वर्षापर्यंत ही अट संपलेली असेल. तीच पॉलिसी 67 व्या वर्षी, पाय सुजायला लागल्यावर घेतली, तर सत्तरीपर्यंत मधुमेहाशी संबंधित खर्च स्वतःच करावा लागू शकतो. म्हणून तब्येत बरी असतानाच विमा घ्या.

आजार लपवू नका

रुग्णालयात दाखल करताना आम्ही डॉक्टर "मधुमेह किती वर्षांपासून?" असे विचारतो आणि उत्तर केसपेपरवर लिहितो. विमा कंपनी दाव्याच्या वेळी तोच कागद पाहते. अर्जात "आजार नाही" आणि केसपेपरवर "10 वर्षांपासून मधुमेह" असेल, तर दावा नाकारला जाऊ शकतो. सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिल्यावर मात्र, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती दिली नाही या कारणावरून दावा नाकारता येत नाही.

नूतनीकरण चुकवू नका

वार्षिक हप्त्याची तारीख उलटल्यावर 30 दिवसांची सवलत मिळते. मासिक हप्त्यासाठी ती 15 दिवसांची असते. वार्षिक हप्ता उशिरा भरला, तर मधल्या दिवसांतील आजारपणाचा खर्च सहसा मिळत नाही. पण पूर्ण केलेली प्रतीक्षा वाया जात नाही. सवलतीची मुदतही उलटली, तर सगळी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. आंबिया बहाराच्या संत्र्यांच्या धावपळीत मोबाइलवरचा संदेश सहज नजरेआड होतो. म्हणून ही तारीख घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.

कंपनी बदलायची असेल, तर नूतनीकरणाच्या किमान 45 दिवस आधी पोर्टिंगसाठी अर्ज करा. जुन्या विमा रकमेपुरती पूर्ण केलेली प्रतीक्षा नव्या कंपनीकडे मोजली जाते. नवी पॉलिसी पटली नाही, तर हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते.

टॉप-अप म्हणजे काय?

मूळ विमा अपुरा वाटल्यास पूरक पॉलिसी घेता येते. समजा, मूळ विमा 5 लाखांचा आहे आणि सुपर टॉप-अप 5 लाखांच्या पुढचा खर्च देतो. वर्षभराचा खर्च 8 लाख झाला, तर अटींनुसार वरचे 3 लाख सुपर टॉप-अपमधून मिळतात. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक वेळचे बिल वेगळे धरले जाते. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराची बिले एकत्र मोजली जातात. पूरक पॉलिसीचा प्रतीक्षा कालावधी वेगळा असतो, तोही विचारून घ्या.

वय 70 किंवा अधिक आहे?

29 ऑक्टोबर 2024 पासून, उत्पन्न कितीही असले तरी, 70 व त्यापुढील नागरिकांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात आणि जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा नाही. नोंदणी आधारवरून आयुष्मान ॲपवर करता येते. चौकशीसाठी 14555 हा क्रमांक आहे. खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येते. सीजीएचएस किंवा ईसीएचएस असलेल्यांना मात्र दोन्हींपैकी एकच योजना निवडावी लागते. उपचार योजनेत अंगीकृत रुग्णालयातच मिळतात, म्हणून दाखल होण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राला भेटा.

आज एवढे करा

1. पॉलिसी सुरू झाल्याची आणि नूतनीकरणाची तारीख वहीत लिहा.
2. कोणत्या आजाराची प्रतीक्षा कधी संपते, हे कंपनीकडून लेखी घ्या.
3. पॉलिसी, आधार आणि जुने केसपेपर एकाच पिशवीत ठेवा.

तारखा बघून शस्त्रक्रिया पुढे ढकलायची असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मोतीबिंदू बऱ्याचदा काही महिने थांबू शकतो. पण छातीत दुखणे, अचानक दिसेनासे होणे किंवा अडकलेला हर्निया यांत एक दिवसही थांबू नका.