व्हिक्टोरियन इंग्लंडमधील दूधआई : कादंबरीतून दिसणारे ‘दुसरे मूल’

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचा सामाजिक इतिहास लिहिताना मातृत्वाचा गौरव करणारी साधने विपुल प्रमाणात उपलब्ध होतात. पाळण्याशेजारी बसलेली सात्त्विक गृहिणी हे व्हिक्टोरियन मध्यमवर्गाचे आवडते चित्र होते. या चित्रात जिला स्थान नव्हते, परंतु जिच्यावाचून अनेक घरांत ते पूर्णही होत नव्हते, अशी एक स्त्री होती. दुसऱ्याच्या मुलाला मोल घेऊन अंगावर पाजणारी ही स्त्री म्हणजे दूधआई होय. मराठीत ‘दाई’ हा शब्द सुईणीसाठीही वापरला जात असल्याने प्रस्तुत विवेचनात ‘दूधआई’ हाच शब्द योजला आहे.

दूधआईच्या व्यवसायाचे एक वैशिष्ट्य असे, की ओल्या बाळंतिणीखेरीज कोणीही तो करू शकत नव्हते. प्रत्येक दूधआईमागे तिचे स्वतःचे एक तान्हे मूल असे. मालकाच्या घरी ती राहावयास गेली म्हणजे त्या मुलाचे काय होई, हा प्रश्न गृहव्यवस्थेच्या मार्गदर्शक पुस्तकांत अभावानेच आढळतो. कादंबरीने मात्र तो विचारला. या ‘दुसऱ्या मुला’चा शोध तीन कादंबऱ्यांच्या आधारे घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

व्यवसायाची पार्श्वभूमी

उच्चवर्गात दूधआई ठेवण्याची प्रथा जुनी होती. महाराणी व्हिक्टोरियाला नऊ अपत्ये झाली. त्यांपैकी एकालाही तिने अंगावर पाजले नाही आणि पुढे राजकन्या अ‍ॅलिसने स्वतःच्या मुलीला पाजले, तेव्हा तिने नापसंती दर्शविली. मध्यमवर्गात मात्र बहुधा मातेचा मृत्यू, आजारपण किंवा दुधाचा अभाव अशा कारणांनी दूधआई आणली जाई. त्या काळी वरचे दूध धोक्याचे होते. शहरांत मिळणारे गाईचे दूध भेसळीचे व अस्वच्छ असे आणि जंतूंचे ज्ञान नसल्याने दुधाच्या बाटल्या व त्यांच्या रबरी नळ्या नीट स्वच्छ होत नसत. इंग्लंड व वेल्समध्ये दर हजार जन्मांमागे सुमारे १५० बालके वर्षाच्या आत दगावत. १८९९ मध्ये हा आकडा १६३ पर्यंत पोहोचला होता. अशा परिस्थितीत अंगावरचे दूध हा जीवनमरणाचा प्रश्न होता.

हे दूध विकणाऱ्या स्त्रिया कोण होत्या? काही गरीब विवाहित स्त्रिया होत्या, तर काही अविवाहित माता होत्या. १८३४ च्या नव्या दरिद्री कायद्याने अनौरस मुलाच्या पालनपोषणाचा भार प्रामुख्याने आईवर टाकला. १८४४ मध्ये तिला पित्याविरुद्ध दाद मागण्याची मुभा मिळाली. तथापि मिळू शकणारी रक्कम आठवड्याला जास्तीत जास्त अडीच शिलिंग होती. ती १८७२ मध्ये पाच शिलिंग करण्यात आली. मूल झाल्यामुळे नोकरी गेलेल्या मोलकरणीपुढे वर्कहाऊसचे दार किंवा दूधआईचे काम, एवढेच पर्याय बहुधा उरत.

वैद्यकीय व नैतिक वाद

१८५९ मध्ये डॉ. विल्यम अ‍ॅक्टन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अविवाहित मातांना दूधआई म्हणून ठेवावे, असे प्रतिपादन केले. त्यामुळे बालकाला दूध मिळेल आणि त्या स्त्रीला सन्मार्गाने जगता येईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. याउलट सी. एच. एफ. राऊथ यांच्यासारख्या वैद्यांनी ‘पतित’ स्त्रीला घरात घेण्यास विरोध केला. दुधावाटे दूधआईचे गुणदोष मुलात उतरतात, हा जुना समज या वादाच्या मुळाशी होता.

हाच समज हिंदुस्थानातील ब्रिटिश कुटुंबांत वंशभेदाचे रूप घेऊन अवतरला. तेथे गोऱ्या मुलांसाठी देशी दूधआई ठेवल्या जात. परंतु ‘काळ्या’ स्त्रीच्या दुधाबद्दल मडमांच्या मनात किंतु असे. फ्लोरा अ‍ॅनी स्टील व ग्रेस गार्डिनर यांनी १८८८ च्या सुमारास लिहिलेल्या गृहव्यवस्थेवरील पुस्तकात या पूर्वग्रहाबद्दल आपल्या देशभगिनींना फटकारले आहे.

या वादात बहुतेकांचे लक्ष मालकाच्या मुलाकडे होते. श्रीमती एम. ए. बेन्स यांनी मात्र १८५९ मध्येच दूधआईच्या स्वतःच्या मुलाची बाजू मांडली. आईचे दूध विकले गेले म्हणजे तिचे मूल मरणाच्या दारात लोटले जाते, असा त्यांचा आक्षेप होता.

‘डॉम्बी अँड सन’ : नाव बदललेली दूधआई

चार्ल्स डिकन्स यांची ‘डॉम्बी अँड सन’ ही कादंबरी १८४६ ते १८४८ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. धनाढ्य व्यापारी डॉम्बी यांची पत्नी बाळंतपणात मरण पावते आणि पॉल या नवजात मुलासाठी पॉली टूडल हिला आणले जाते. रेल्वेत कोळसा घालणाऱ्या कामगाराची ही पत्नी पाच मुलांची आई आहे. डॉम्बी तिला तिच्या नावाने हाक मारणे नाकारतात. तिने ‘रिचर्ड्स’ हे नाव स्वीकारावे, अशी अट घालतात. मुलाशी तिने जिव्हाळा जोडण्याचे कारण नाही, हा व्यवहार आहे, असेही ते बजावतात. पॉली हसतमुखाने कबूल होते. तिचे तान्हे मूल बहीण जेमायमा सांभाळते.

पॉलीचे स्वतःच्या मुलांना भेटण्यासाठी चोरून घरी जाणे हाच पुढे तिचा अपराध ठरतो आणि तिला कामावरून काढले जाते. पॉलचे दूध अकस्मात तुटते. तो पुढे अशक्तच राहतो आणि लहानपणीच मरण पावतो. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. टूडल कुटुंबालाही या नोकरीची किंमत मोजावी लागते. पण ती तान्ह्या मुलाला नव्हे, तर थोरल्या रॉबिनला. डॉम्बींच्या ‘कृपे’ने धर्मादाय शाळेत गेलेला हा मुलगा तेथील मारहाणीने बिघडतो व वाममार्गाला लागतो. म्हणजेच डिकन्स यांना हानी दिसते. परंतु पॉली विवाहित, सुखवस्तू मनाची व क्षमाशील असल्याने तान्ह्याच्या जिवाचा प्रश्न कथेत उभा राहत नाही.

वास्तवातील दोन घटना

कादंबरीबाहेर हा प्रश्न भीषण रूपात समोर आला. १८५४ मध्ये एशर येथे मेरी अ‍ॅन ब्रफ या स्त्रीने आपल्या सहा मुलांची हत्या केली. ती युवराजाची दूधआई राहिलेली होती. न्यायालयाने तिला वेडसर ठरविले. परंतु राजवाड्यातील पाळण्याशी जोडलेल्या या नावाने समाज हादरला.

दुसरी घटना मोलाने मुले सांभाळण्याच्या धंद्याशी निगडित आहे. आठवड्याच्या पैशांवर किंवा एकरकमी ठोक रक्कम घेऊन अनेक स्त्रिया तान्ही मुले ठेवून घेत. ठोक रक्कम मिळाल्यावर मूल जितके लवकर मरेल तितका नफा अधिक, असे या धंद्याचे क्रूर गणित होते. उपासमार आणि अफूमिश्रित औषधे ही त्याची साधने होती. १८७० मध्ये मार्गारेट वॉटर्स हिला अशाच प्रकरणात फाशी झाली. त्यानंतर १८७२ मध्ये बालजीवन संरक्षण कायदा संमत झाला. त्याने एक वर्षाखालील एकाहून अधिक मुले मोलाने सांभाळणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली. मात्र एकच मूल ठेवणाऱ्यांना हा कायदा लागू नव्हता, ही त्याची मोठी त्रुटी होती.

‘एस्थर वॉटर्स’ : जिवाच्या मोबदल्यात जीव

जॉर्ज मूर यांच्या ‘एस्थर वॉटर्स’ (१८९४) या कादंबरीत या दोन्ही धाग्यांची गाठ पडते. निरक्षर, धर्मनिष्ठ मोलकरीण एस्थर फसवली जाते, नोकरी गमावते आणि लंडनच्या क्वीन शार्लट प्रसूतिरुग्णालयात मुलाला जन्म देते. श्रीमती रिव्हर्स यांच्याकडे ती दूधआई म्हणून राहते आणि तिचा जॅकी मोलाने मुले सांभाळणाऱ्या श्रीमती स्पायर्सकडे ठेवला जातो. या घरातील आधीच्या दोन दूधआयांची मुले दगावली, हे तिला कळते आणि व्यवहाराचा खरा अर्थ तिच्या ध्यानी येतो. श्रीमंताचे मूल जगावे म्हणून गरिबाचे मूल मरते, हे ती मालकिणीला तोंडावर सुनावते, नोकरी सोडते, मुलाला परत आणते आणि वर्कहाऊस पत्करते.

बेन्स यांनी निबंधात मांडलेला आक्षेप येथे प्रत्यक्ष आईच्या तोंडी येतो. डब्ल्यू. एच. स्मिथ यांच्या वाचनालयांनी ही कादंबरी ठेवण्यास नकार दिला, हेही त्या समाजाच्या मनोवृत्तीवर प्रकाश टाकणारे आहे.

ऐतिहासिक कादंबरीची भर

एरिका आइसडॉर्फर यांची ‘द वेट नर्सेस टेल’ ही २००९ मधील कादंबरी याच काळावर आधारित आहे. तिची नायिका सूझन रोझ हिचे मूल तिचा बापच लंडनमधील एका स्त्रीला देऊन टाकतो आणि सूझन त्याच घरी दूधआई म्हणून शिरून आपल्या पोटच्या मुलाला परत मिळविण्याची खटपट करते. कथेतील हा योगायोग नाट्यपूर्ण आहे; परंतु मूल ही गरिबाघरी विक्रीयोग्य वस्तू बनत होती, हे त्यामागील वास्तव खोटे नाही. महत्त्वाचा फरक निवेदनाचा आहे. डिकन्स व मूर दूधआईविषयी बोलतात. येथे दूधआई स्वतः बोलते. ज्या स्त्रिया बहुधा निरक्षर असल्याने स्वतःची साधने मागे ठेवू शकल्या नाहीत, त्यांचा आवाज येथे कल्पनेने पुन्हा रचलेला आहे. असा आवाज पुरावा ठरत नाही; मात्र कोणता पुरावा शोधावयास हवा, हे तो सुचवितो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल, की दूधआईचा व्यवसाय हा केवळ घरगुती नोकरीचा प्रकार नव्हता, तर एका वर्गाच्या मातृत्वाने दुसऱ्या वर्गाचे मातृत्व विकत घेण्याचा व्यवहार होता. वैद्यांनी दुधाची प्रत तपासली, नीतिवाद्यांनी स्त्रीचे चारित्र्य तपासले. तिच्या मुलाची चौकशी मोजक्यांनीच केली. पुढे डबाबंद दूध, तयार बालान्ने आणि स्वच्छ बाटल्या यांमुळे हा व्यवसाय मागे पडला. ज्यांच्या वाट्याचे दूध विकले गेले, त्या मुलांची नोंद मात्र मृत्यूंच्या आकड्यांत मिसळून गेली. आकड्यांनी ही मुले मोजली, पण ती कोणाची होती हे सांगितले नाही. ते सांगण्याचे काम कादंबरीने केले. म्हणूनच मातृत्वाच्या इतिहासलेखनात तिला सहायक साधन म्हणून स्थान देणे आवश्यक ठरते.