पियानोच्या खर्जाच्या तारा : बद्दपणा व दुरुस्ती

पियानोच्या डाव्या अंगाच्या, म्हणजे खर्जाच्या तारा नुसत्या पोलादी नसून पोलादी गाभ्यावर तांब्याच्या तारेचे घट्ट वेढे देऊन सिद्ध केलेल्या असतात. ८८ पट्ट्यांच्या वाद्यातील सर्वांत खालच्या स्वराची कंपनसंख्या सेकंदाला २७.५ असते; इतका मंद स्वर साध्या तारेतून काढावयाचा, तर ती एकतर अवाच्या सवा लांब घ्यावी लागेल किंवा इतकी जाड, की अंगच्या ताठरपणाने तिचे उपस्वर बेसूर होतील. वेढ्यांनी वजन वाढते आणि लवचिकपणा राहतो. परंतु ही सोय वेढे परस्परांशेजारी मोकळे हलत असतील तोवरचीच. धूळ, गंज आणि हातांचा घाम यांनी त्यांच्या फटी बुजल्या, की वरचे उपस्वर मारले जाऊन तार बद्द वाजू लागते. खर्जात ही हानी विशेष जाणवते. कारण तेथील मूळ नाद ध्वनिफलकातून फारसा बाहेर पडतच नाही, कान तो उपस्वरांवरूनच ताडतो. मुंबई-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत तर हा धोका अधिकच.

कसूर तारेचीच आहे हे मुक्रर केल्यावाचून तिला हात लावू नये. बोटाने छेडता तार खणखणीत बोलते आणि हातोडीखाली मात्र मिटते, तर दोष नमद्याचा. सारा खर्ज एकजात निस्तेज असेल, तर घोडी तडकली किंवा फलकापासून सुटली आहे काय, ते आधी पाहावे.

तार दोषी ठरल्यास खुंटी सैल करून ती घोडीवरून व मागच्या खिळ्यावरून सोडवावी, सुमारे वीतभर रुंदीचा वळसा करून तो वेढ्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवीत न्यावा, म्हणजे वेढे किंचित विलग होऊन आतला मळ झडतो. आणि खिळ्यावर पुन्हा अडकविताना वेढ्यांच्याच दिशेने अर्धा ते एक पीळ द्यावा. पीळ उलटा पडला, तर वेढे सैलावून झणझणतात. तेल किंवा कोणतेही द्रावण लावणे हा शुद्ध अविचार होय, कारण त्याने मळ फटींत अधिकच मुरतो. फार जुनी तार या खटाटोपात खुंटीजवळच्या वळणापाशी तुटू शकते, ही जाणीव मालकास अगोदर द्यावी. तथापि हा बिनखर्ची उपाय न करताच नव्या तारेचा तगादा लावणे उतावळेपणाचे आहे.

गुण न आल्यास जुनी तार नमुन्यादाखल कारखान्याकडे धाडून गाभ्याच्या व वेढ्याच्या त्याच जाडीची नवी करवून घ्यावी. ती ताणून स्थिर होईपर्यंत वारंवार सुरात आणावी लागते. जोडतारेतील एकच बदलल्यास दोहोंचा नाद जुळत नाही, म्हणून तेथे दोन्ही तारा एकदम बदलाव्यात.