अकरा महिन्यांचा करार : मुंबईतील भाडेकरूचा ‘परवानाधारक’ कसा झाला

मुंबईच्या एखाद्या उपनगरात एका शयनगृहाची सदनिका भाड्याने घेणारी व्यक्ती व्यवहारात स्वतःला भाडेकरू म्हणवते. तिच्या करारपत्रात मात्र हा शब्द कटाक्षाने टाळलेला असतो. तेथे ती ‘परवानाधारक’ असते आणि भाडे हे ‘परवाना शुल्क’ असते. या शब्दबदलामागील कायदेशीर इतिहासाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुंबईत भाडेनियंत्रणाची सुरुवात पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली झाली. तथापि शहराच्या निवासव्यवस्थेवर खोल ठसा उमटविला तो १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने. १३ फेब्रुवारी १९४८ पासून अंमलात आलेल्या या कायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी बांधले, कायद्यातील ठराविक कारणांवाचून भाडेकरूस काढण्यास मनाई केली आणि पागडी घेणे गुन्हा ठरविला. भाडेकरूला संरक्षण लाभले. मालकाचे उत्पन्न गोठले, दुरुस्त्या थांबल्या. पागडी तर उघड गुपित बनून चालूच राहिली.

या बंधनातून सुटण्याची वाट मालकांना सापडली ती एका जुन्याच कायद्यात. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमातील कलम ५२ नुसार परवाना म्हणजे दुसऱ्याच्या जागेच्या वापरास दिलेली केवळ अनुमती. त्यातून जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. साहजिकच करारावर ‘भाडे’ ऐवजी ‘परवाना’ लिहिले जाऊ लागले. कराराच्या शीर्षकापेक्षा पक्षकारांचा खरा हेतू पाहावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली असोसिएटेड हॉटेल्स खटल्यात सांगितले; पण हेतू सिद्ध करण्यासाठी न्यायालयात जावे लागे, आणि घरासाठी वणवण करणाऱ्या कुटुंबाला ते कितपत परवडणार?

या स्थितीत १९७३ ची दुरुस्ती निर्णायक ठरली. नव्या कलम १५-अ अन्वये १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवाना कराराने किमान एक खोली ताब्यात असलेली व्यक्ती भाडेकरू मानली गेली. एका तारखेने असंख्य कुटुंबांना स्थैर्य दिले. मात्र त्यानंतर आलेल्यांच्या वाट्याला केवळ मालकांच्या मनातील धास्ती आली. जे एकदा घडले ते पुन्हा घडेल, या भीतीने घर बंद ठेवणे अनेकांना अधिक सुरक्षित वाटू लागले. संरक्षक कायद्याची ही बाजू अभ्यासकांकडून काहीशी दुर्लक्षित राहिली आहे.

गोठविलेले प्रमाणभाडे आता समर्थनीय उरले नाही, असे मत सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात नोंदविले. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ नुसार मुदत संपताच परवानाधारकाने जागा सोडावयाची असते. न सोडल्यास शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. कलम ५५ ने करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे केले.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी आवश्यक असल्यामुळे अकरा महिन्यांची मुदत रूढ झाली. आता मुदत कितीही असो, नोंदणी अटळ आहे. म्हणजे अकरा या आकड्याचे मूळ प्रयोजनच राहिलेले नाही. तरीही तो आकडा टिकून आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५६ ने पागडीला मात्र वैधता दिली. परिणामी एकाच गल्लीत जुन्या चाळीतील पागडीचा भाडेकरू नाममात्र भाड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहतो, आणि शेजारच्या इमारतीतील परवानाधारक मुदत संपत आली की नव्या शुल्काची, नव्या अनामत रकमेची आणि पुन्हा एकदा दलालीची जुळवाजुळव करू लागतो.